वसाहतीतला कचरा, रिकामा प्लॉट आणि धूर: कोणी काय करायचे

बेळगावची उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, औद्योगिक वसाहतीतला एखादा प्लॉट वर्षभर रिकामा राहिला की पावसाळ्यात तिथे गवत माजते. खंडेनवमीच्या पूजेआधी वर्कशॉपची झाडझूड होते आणि पहिली ट्रॉली त्या गवतात रिकामी होते. त्यानंतर चहाच्या टपरीचे कप येतात, कॅन्टीनचे उरलेले अन्न येते, कोणाचे तरी थर्माकोल येते. जानेवारीत गवत वाळले की कोणीतरी काडी लावतो. मग सगळी गल्ली महापालिकेच्या नावाने शंख करते. महापालिकेची जबाबदारी आहेच. पण तक्रारी वाया जातात त्या बहुतेक वेळा चुकीच्या दारात गेल्यामुळे. कचरा कोणाचा आणि जागा कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील तर काम हलते. ती नसतील तर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

आधी ढीग वाचा

हातमोजे, बूट आणि एक लांब सळई घेऊन सकाळच्या उजेडात ढिगापाशी जा. उघड्या हाताने काही उचलू नका. काय सापडते त्यावरून कचरा कुठून आला हे बऱ्यापैकी कळते.

काळी भुसभुशीत वाळू, मधे कोअरचे (साच्यात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्यांचे) तुकडे आणि फिनॉलसारखा उग्र वास असेल तर तो फौंड्रीचा माल आहे. तेलकट कॉटन वेस्ट, टर्निंगच्या चिप्स आणि कुलंटचा (यंत्रावर धातू कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचा) आंबूस वास मशीन शॉपकडे बोट दाखवतो. सुताचा गुंता आणि पुठ्ठ्याचे कोन दिसले तर माल शहापूर-वडगाव-खासबागच्या यंत्रमागांचा. निपाणीकडे अशा ढिगात तंबाखूची भुकटी आणि देठ असतात. एकाच मापाची पत्रावळ, ग्लास आणि भाताचे गोळे शेकड्याने पडले असतील तर जवळचे मंगल कार्यालय किंवा केटरर शोधा. पिवळी पिशवी, सुया, सलाईनच्या नळ्या दिसल्या तर सळईसुद्धा लावू नका. तो जैववैद्यकीय कचरा आहे. त्याचा फोटो थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवा.

सगळ्यात कामाचा पुरावा म्हणजे कागद. कुरिअरचे लेबल, डिलिव्हरी चलन, मालाच्या खोक्यावरचा पत्ता, बिलाचा फाटका तुकडा. एका ढिगात असे दोन-तीन कागद तरी सापडतातच. कागद जागेवर असताना फोटो घ्या आणि मग ते पिशवीत ठेवा. मात्र एका लेबलावरून कोणावर आरोप करू नका. खोके भंगारवाल्याकडून तिथे आलेले असू शकते. त्या कंपनीला फोटो दाखवून 'तुमचा कचरा कोण उचलतो?' एवढेच विचारा. निम्म्या वेळा उत्तर एकाच टेम्पोवाल्यापाशी येऊन थांबते.

ढीग किती मोठा आहे हे 'खूप' या शब्दात लिहू नका. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा, गुणाकार करा आणि ढीग निमुळता असतो म्हणून निम्मा करा. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच ढिगाचे २१६ घनफूट होतात, निम्मे १०८. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे साधारण एक ट्रॅक्टर ट्रॉली. अर्जात 'अंदाजे एक ब्रास मिश्र कचरा' असे लिहिले की आरोग्य निरीक्षकाला किती माणसे आणि कोणती गाडी पाठवायची ते कळते. मोठ्या ढिगाला घंटागाडी पाठवली जाते आणि ती रिकामी परत जाते, हे याच कारणाने घडते.

जागा कोणाची

सोपी कसोटी अशी: त्या जागेशेजारच्या शेडची घरपट्टी कोणाकडे भरली जाते, ती पावती बघा. पावती महानगरपालिकेची असेल तर महानगरपालिका, नगरपंचायतीची असेल तर तिचा मुख्याधिकारी, ग्रामपंचायतीची असेल तर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. घरपट्टीबरोबर घनकचऱ्याचा उपकरही घेतला जातो, तो त्याच पावतीवर दिसेल. उपकर भरला असेल तर त्याची प्रत अर्जाला जोडा. वसाहत केआयएडीबी किंवा केएसएसआयडीसी या राज्याच्या औद्योगिक संस्थांची असेल आणि देखभाल शुल्क त्यांना जात असेल, तर अर्जाची एक प्रत त्यांनाही द्या. दोघे एकमेकांकडे बोट दाखवणार हे गृहीत धरा. म्हणूनच एकच अर्ज दोघांच्या नावाने लिहायचा, वेगवेगळे दोन नाही.

रिकामा प्लॉट खाजगी असेल तर प्लॉटधारकाला नोटीस काढणे हे स्थानिक संस्थेचे काम. तुम्ही तिला प्लॉट क्रमांक द्या. वसाहतीच्या नकाशात तो असतो, असोसिएशनकडे नकाशा असतो. कॅम्प भागात महापालिका नाही, कॅन्टोन्मेंट बोर्ड. रुळांच्या कडेला आणि रेल्वेच्या जागेत नैऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग. काकती-होनगा बाजूला पुणे-बंगळूर महामार्गाच्या हद्दीत महामार्ग प्राधिकरण, त्यांचा क्रमांक १०३३. नाल्यात किंवा नाल्याच्या काठावर कचरा असेल तर अर्जात नाल्याचे नाव ठळक लिहा. बळ्ळारी नाला तुंबला की अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पाणी पसरते आणि भातपीक जाते. कचऱ्याच्या तक्रारीला शेतकऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर तिचे वजन वाढते.

सीमेवरची आणखी एक गंमत. बेळगावच्या बऱ्याच उद्योजकांची दुसरी शेड शिनोळीला असते. वेंगुर्ला रस्त्याने जाताना अर्ध्या तासात राज्य बदलते आणि कार्यालयेही बदलतात. शिनोळी चंदगड तालुक्यात आहे. तिथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचे, कर्नाटकाच्या मंडळाकडे नाही. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचेही तसेच: शिनोळीसाठी पुण्याचे पीठ, बेळगावसाठी चेन्नईचे. बेळगावचा कचरा हद्दीपलीकडे टाकला जात असेल तर दोन्ही बाजूंना कळवा आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा उल्लेख करा.

आपल्या गेटच्या आत

दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी आपला कचरा मोजा. सात दिवस रोज संध्याकाळी ओला, सुका आणि तेलकट-रासायनिक असे तीन भाग वेगवेगळे तोला, वहीत लिहा. बहुतेक छोट्या युनिटमध्ये आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघतो आणि त्यातला मोठा वाटा कॅन्टीन व पॅकिंगचा असतो. सरासरी दिवसाला १०० किलो किंवा जास्त निघत असेल तर तुम्ही मोठे कचरा उत्पादक ठरता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांत २०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाण्याचा वापर असला तरीही हाच दर्जा लागतो. मग 'गाडी आली नाही' ही सबब चालत नाही. ओल्या कचऱ्याची व्यवस्था तुम्हालाच करावी लागते.

नव्या नियमांत कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्या भागात रंगाचे डबे, बल्ब, औषधे यासारख्या वस्तू येतात. रस्त्यावर, गटारात, नाल्यात कचरा टाकणे, जाळणे किंवा पुरणे याला २०१६ च्या नियमांतच मनाई आली होती. म्हणजे कंपाउंडबाहेर नेऊन पुरून टाकणे हाही मार्ग नाही.

कचरा बाहेर का जातो याचे खरे कारण बहुधा वेळेत असते. घंटागाडी सकाळी लवकर फिरते आणि शेडचे कुलूप नऊला उघडते. टपरीवाला तर दहानंतर गाडा लावतो. गाडी येते तेव्हा कचरा द्यायला कोणी नसते आणि कचरा निघतो तेव्हा गाडी नसते. यावर दोनच उपाय आहेत. एक, रात्रभर कचरा ठेवता येईल असे झाकणाचे डबे गेटच्या आत ठेवायचे आणि सकाळी ते गाडीत द्यायची जबाबदारी वॉचमनला लेखी द्यायची. दोन, असोसिएशनने लेखी मागणी करून वसाहतीपुरती गाडीची दुसरी फेरी दहा-साडेदहाला मागून घ्यायची. पहिला उपाय आजपासून करता येतो. दुसऱ्याला पाठपुरावा लागतो, पण टपऱ्यांचा प्रश्न त्यानेच सुटतो.

कॅन्टीनच्या ओल्यासाठी २०० लिटरचे दोन प्लास्टिक पिंप पुरे होतात, रोजचे ओले थोडेच असेल तर. पिंपाला चहूबाजूंनी वीतभर अंतरावर बोटभर भोके पाडा, तळालाही पाडा आणि पिंप विटांवर उभे करा. खाली चार बोटे वाळलेली पाने. त्यावर एक बादली ओले, दोन बादल्या पाने, पुन्हा ओले. सुरुवातीला जुने शेणखत किंवा तयार खत दोन ओंजळी टाका. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडले की ओल बरोबर. धार लागली तर पाने वाढवा. वास येतो तो ओल जास्त झाल्याने आणि हवा न मिळाल्याने, खताच्या दोषाने नव्हे. मुंग्या लागल्या तर फार कोरडे झाले आहे. एक पिंप भरले की ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करा. पहिले ४५ ते ६० दिवसांत तयार होते. आपल्याकडच्या पावसात पिंपावर पत्रा लागतोच, नाहीतर जूनमध्ये सगळे कुजून काळे पाणी वाहते.

पाने आणायची कुठून? फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडून जी पेटवली जातात तीच. पोत्यात दाबून भरून शेडखाली ठेवा, वर्षभर पुरतात. वॉचमन आणि झाडूवाले पाने जाळतात ते वाईट हेतूने नाही. झाडलेला ढीग कुठे ठेवायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पोती द्या, जागा द्या, अर्धा धूर तिथेच थांबतो.

तेलकट कचऱ्याचे काम वेगळे. वापरलेले कटिंग ऑईल, कुलंट, तेलाने भिजलेली कॉटन वेस्ट, रंगाचा गाळ हे घातक कचऱ्यात येतात. ते घंटागाडीत द्यायचे नाहीत आणि भंगारवाल्यालाही नाहीत. झाकणाच्या लोखंडी डब्यात, लेबल लावून, सिमेंटच्या तळावर ठेवायचे. साठवणुकीची मर्यादा ९० दिवस. मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेलाच द्यायचे आणि फॉर्म १० ची (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या चलनाची) प्रत फाईलला लावायची. रंग किंवा जवसाच्या तेलात भिजलेली फडकी घडी करून ढिगात ठेवली तर ती स्वतःहून तापून पेटतात. रात्री कोणीही नसताना आग कशी लागली, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते. फौंड्रीची वापरलेली वाळू रस्त्याकडेला किंवा खड्डा भरायला देण्याआधी मंडळाने दिलेल्या आपल्या परवानगीपत्रात तिच्याबद्दल काय अट आहे ते वाचा.

आता टेम्पोवाला. 'महिन्याला इतके द्या, सगळे घेऊन जातो' म्हणणाऱ्याचा दर बाजारापेक्षा फारच कमी असेल, तर कचरा जवळच्याच नाल्यात जाणार हे समजून चला. तुरमुरीच्या कचरा प्रकल्पापर्यंत डिझेल जाळून जाणे त्याला परवडतच नाही. त्याच्याकडून तीन गोष्टी मागा: गाडीचा क्रमांक, प्रत्येक फेरीची वजनकाट्याची चिठ्ठी आणि माल जिथे उतरवला तिथली पावती. तिसरी मिळत नसेल तर पैसे देऊ नका. ढिगात तुमच्या नावाचे लेबल सापडले तर उत्तर तुम्हाला द्यावे लागते, त्याला नाही.

धूर दिसला तर

आग लावणारे साधारण चार प्रकारचे. ढीग कमी दिसावा म्हणून सफाईचे काम करणारे, थंडीत शेकोटी करणारे वॉचमन आणि ड्रायव्हर, गवत साफ करण्यासाठी प्लॉटधारकाचा माणूस आणि तांब्यासाठी वायर जाळणारे. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने कोण आणि किती वाजता हे आठवडाभर टिपून ठेवा. वायरची आग ओळखू येते: काळा दाट धूर, नाकात झोंबणारा वास, रात्री दहानंतर किंवा पहाटे आणि सकाळी राखेत बारीक तारा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असते. जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्येही तयार होतात. यावरचा उपाय मात्र आपल्या गेटच्या आत आहे. वायरचे तुकडे कचऱ्यात टाकू नका. साठवून ठेवा आणि सोलणी यंत्र असलेल्या भंगार व्यापाऱ्याला वजनावर विका. बाहेर वायरच मिळाली नाही तर जाळणारा त्या गल्लीत येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत थंड, स्थिर हवेत सकाळचा धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि शेडमध्ये शिरतो. खिडक्या बंद करा, बाहेरची हवा ओढणारे पंखे बंद करा, दम्याचा त्रास असलेल्यांना लांबच्या शेडमध्ये हलवा. एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, वायू अडवत नाही. रुमाल यातले काहीच अडवत नाही.

विझवण्याआधी दुरून पाहा. ढिगात स्प्रेचे डबे, छोटे गॅस सिलिंडर, रंगाचे डबे किंवा बॅटऱ्या असतील तर जवळ जाऊ नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा. वर विजेची तार असेल तर आधी हेस्कॉम या वीज कंपनीला कळवा, तारेखाली पाण्याचा फवारा मारू नका. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या चिप्स जळत असतील तर पाणी मुळीच नको. पाण्याने हायड्रोजन तयार होतो आणि भडका उडतो. त्यावर कोरडी वाळू टाका, फावड्याने हळू, दुरून.

साधा पाला-कागद-प्लास्टिकचा ढीग असेल आणि आग गुडघ्याएवढी असेल, तरच हात घाला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वरून बादल्या ओतल्या की ज्वाळा जातात, पण ढिगाच्या पोटात निखारा तसाच राहतो आणि दोन तासांनी पुन्हा धूर येतो. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचेही तसेच होते. म्हणून पाणी मारत मारत दाताळ्याने ढीग फोडा, वीतभर जाडीचा थर होईपर्यंत पसरवा आणि प्रत्येक भाग भिजवा. उलट्या हाताने वरून ऊब तपासा, राखेत हात घालू नका. संध्याकाळी जाताना एकदा परत बघा. हे काम एकट्याने करू नये. एक माणूस फावड्यावर, एक पाण्यावर आणि एक फोनवर हवा.

फोटो मात्र विझवण्याआधी. दोन पुरतात: एक लांबून, ज्यात शेजारच्या शेडची पाटी किंवा विजेचा क्रमांकित खांब दिसेल आणि एक जवळून. फोनमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारे कॅमेरा ॲप आधीच घालून ठेवा. आग लावणाऱ्याशी हुज्जत घालू नका, त्याचे व्हिडिओ गटात फिरवू नका. गाडी असेल तर क्रमांक टिपा.

दंडाचा आकडा ठाऊक असू द्या. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. सफाईचे काम करणाऱ्यानेच काडी लावली असेल तर त्या गरीब माणसाला दंड करून काही साधत नाही. अर्ज त्याच्या ठेकेदाराविरुद्ध लिहा. पाच मिनिटांत ढीग संपवायचा दबाव तिथून येतो.

अर्ज असा लिहा

फोन आणि व्हॉट्सअपवर केलेली तक्रार काम झाले तर चांगलीच. झाले नाही तर तिचा पुरावा उरत नाही. पहिल्याच दिवशी राज्याच्या जनस्पंदन सेवेत १९०२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि तो क्रमांक अर्जात लिहा. अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

भाषेचा प्रश्न येतोच. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार तक्रारीचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, त्यामुळे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण फाईल कन्नडमध्ये पुढे सरकते, हेही खरे. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली तर तो भाषांतराच्या नावाखाली पडून राहत नाही. हक्क सोडायचा नाही आणि कामही अडू द्यायचे नाही.

नमुना:

प्रति, मा. आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव.
प्रत: पर्यावरण अधिकारी, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बेळगाव.
विषय: प्लॉट क्र. ___ शेजारी कचरा टाकणे व जाळणे थांबवण्याबाबत.
महोदय, वरील प्लॉटच्या पूर्वेकडील रस्त्यालगत अंदाजे ___ ब्रास मिश्र कचरा पडून आहे. त्यात ___, ___ व ___ आढळले. दि. ___, ___ व ___ रोजी सायंकाळी ___ ते ___ दरम्यान तो पेटवण्यात आला. परिसरातील ___ कामगारांना धुराचा त्रास होतो. जनस्पंदन तक्रार क्र. ___. आमची मागणी: १) सात दिवसांत कचरा उचलावा. २) प्लॉटधारकास कुंपणाची नोटीस द्यावी. ३) घंटागाडीची फेरी सकाळी दहानंतर मिळावी. ४) जाळणाऱ्यावर हरित लवादाच्या २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार कारवाई व्हावी. सोबत: फोटो, घरपट्टी पावती, शेजारच्या युनिटच्या सह्या.

मागण्या चारपेक्षा जास्त नकोत. 'संबंधितांवर कडक कारवाई करावी' हे वाक्य गाळा. त्यावर कोणालाच काही करता येत नाही. मंडळाला प्रत तेव्हाच द्या, जेव्हा ढिगात कारखान्याचा किंवा दवाखान्याचा माल असेल. केवळ घरगुती कचऱ्यासाठी मंडळ तुम्हाला परत महापालिकेकडेच पाठवेल. नगरसेवकाला अर्जाची प्रत जरूर द्या, पण अर्जाच्या ऐवजी नगरसेवक, असे करू नका.

हलत नसेल तर

पंधरा दिवसांत काही झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतो. 'कारवाई का केली नाही' असे विचारू नका. कागद मागा: आपल्या अर्जावरील टिपणीची प्रत, त्या मार्गाच्या घंटागाडीचे वेळापत्रक किंवा गेल्या वर्षी कचरा जाळण्याबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्यांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. अनेकदा माहिती हाती येण्याआधीच ट्रॉली येते.

दुसरा मार्ग प्रांताधिकाऱ्यांचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. हेच पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३. रतलाम नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून हात वर केले होते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखालचा आदेश कायम ठेवला आणि पैशाची सबब नाकारली. अर्जात हा दाखला एका ओळीत द्या. आग निष्काळजीपणाने लावून जिवाला धोका केला असेल तर पोलिसांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ आहे. ठाणे हद्दीप्रमाणे: उद्यमबागेसाठी उद्यमबाग, होनग्यासाठी काकती.

हरित लवाद शेवटी. तिथे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून तारखांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. शिक्क्याच्या प्रती, फोटो आणि माहिती अधिकाराची उत्तरे एवढे असेल तर वकील पटकन तयार होतो.

ढीग उचलल्यावर

खरी कसोटी उचलल्यानंतरच्या तीन आठवड्यांत असते. जागा साफ दिसली तरी येणाऱ्याची सवय जात नाही, तिसऱ्या रात्री पहिली पिशवी येतेच. ती त्याच सकाळी उचला. एक पिशवी दिवसभर राहिली की संध्याकाळी दहा होतात. उचलायच्या दिवशीच जेसीबीकडून जागा सपाट करून घ्या आणि रस्त्याच्या कडेला गाडी आत शिरणार नाही असा दोन फुटी मातीचा बांध घाला किंवा मोठे दगड लावा. ट्रॉली मागे घेता आली नाही तर ती रिकामी होत नाही. मग त्या जागेला काम द्या: दुचाकी पार्किंग, टपरीची अधिकृत जागा, काहीही चालेल. 'येथे कचरा टाकू नये' या पाटीचा उपयोग रंगाऱ्याला होतो. पाटी लावायचीच असेल तर तीवर गाडीची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहा.

कॅमेरा लावणारे बहुतेक जण तो ढिगाकडे रोखतात आणि खांबाच्या टोकाला बसवतात. मग चित्रात डोकी दिसतात, क्रमांक दिसत नाही. कॅमेरा गाडी जिथे वळते त्या वाटेकडे तोंड करून आठ फुटांच्या आसपास उंचीवर हवा. हेडलाइटचा झोत थेट भिंगावर आला की नंबर प्लेट पांढरी फटक पडते, म्हणून गाडीची मागची बाजू टिपेल असा कोन निवडा. रात्री दुचाकी आणि टेम्पो आणून एकदा चाचणी घ्या, क्रमांक वाचता येतो का ते फोनवर बघा. साठवण किमान पंधरा दिवसांची ठेवा, कारण तक्रार करायचे ठरेपर्यंत आठवडा जातो. आणि वीज गेली तरी रेकॉर्डर चालू राहील अशी बॅटरी जोडा. वसाहतीत लोडशेडिंग असेल त्या रात्री ट्रॉली हमखास येते.